काजळी गोरी झाली

आमच्या गोठ्यातल्या म्हशीची मी एका संध्याकाळी गाय केली.

जादूटोणा वगैरे काही नाही. जे केलं ते शिक्षणाच्या जोरावर केलं. मी शाळेत कम्प्युटर शिकवते. माझं माहेर कबनूरचं, म्हणजे चारी बाजूंनी यंत्रमागांचा खडखडाट. म्हैस मी लग्नाआधी फक्त रस्ता अडवताना पाहिलेली. आणि सासर मिळालं ते कोल्हापुरातल्या गवळ्याचं! थोरले दीर, ज्यांना सगळी गल्ली दादा म्हणते, ते रोज संध्याकाळी म्हशी घेऊन दूध कट्ट्यावर जातात. तिथं गिऱ्हाईक ग्लास घेऊन उभं राहतं आणि त्याच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसासकट दूध हातात मिळतं. मध्ये पिशवी नाही, फ्रीज नाही, पाणी तर नाहीच नाही. त्या कट्ट्यावर आमची सगळी अब्रू उभी आहे, आणि ती चार पायांवर उभी आहे. तिचं नाव काजळी.

काजळी म्हणजे नावाप्रमाणे. अंगावर पांढरा केस शोधून दाखवा म्हणून दादा पैज लावतात. शिंगं अशी लांब, की ती वळली की गोठ्यातली माणसं आपोआप खाली वाकतात. (मी पहिल्या वर्षी वाकले नव्हते. त्यानंतर वाकते.)

तर दिवाळीच्या सुट्टीआधी आमच्या शाळेनं एक लहानसा रोबोट घेतला. जेवणाच्या डब्याएवढा, खाली दोन चाकं आणि पुढं टिकल्यांच्या पाकिटाएवढी स्क्रीन. सुट्टीत तो घरी नेऊन शिकून घ्या आणि मग मुलांना शिकवा, असं मला सांगण्यात आलं. मी त्याचं नाव ठेवलं ठिपक्या, कारण त्याच्या स्क्रीनवर नुसते ठिपके. ठिपका पेटला तर पांढरा, विझला तर काळा. अधलंमधलं काही नाही. स्वभावानं अगदी कोल्हापूरचा.

घरात ठिपक्याचं स्वागत झालं. माझे सासरे, त्यांना आम्ही सुना मामा म्हणतो, त्यांनी त्याला चारी बाजूंनी पाहिलं आणि विचारलं, "ह्ये काय काय करतंय?"

"चालतो, मामा. आणि ह्याच्या तोंडावर चित्र दाखवता येतं, अक्षरं लिहिता येतात."

"आणि खातंय काय?"

"चार्जिंग."

"मग बरं हाय," मामा म्हणाले. "पेंड तरी लागत न्हाय."

माझ्या थोरल्या जाऊबाई, आक्का, यांना तर इतका आनंद झाला की त्यांनी ठिपक्याला कुंकूच लावलं. (ते पुसायला मला तासभर लागला, एक बोट स्क्रीनवर गेलं होतं.) दादा नुसते हसले. आमच्या ह्यांची नोकरी मलकापूरला, ते शनिवारी येतात, त्यामुळे मला वेळेवर अडवणारं घरात कुणी नव्हतं.

मग मला कल्पना सुचली. मी जेवताना जाहीर केलं, "दादा, आपण ठिपक्याला कट्ट्यावर न्यायचं! तो काठाकाठानं फिरेल आणि त्याच्या स्क्रीनवर काजळीचा फोटो आणि खाली 'ताजं धारोष्ण म्हशीचं दूध'. नवीन गिऱ्हाईक नुसतं बघत राहील!"

दादांनी घास तोंडात तसाच धरला. आक्कांनी दादांकडे पाहिलं. मामांनी ताटाकडे पाहिलं. मग दादा म्हणाले, "कर की."

झालं! मी काजळीचा फोटो काढला. पांढऱ्या भिंतीपुढं, आडवी उभी करून, शेपटीपासून शिंगापर्यंत. तो कम्प्युटरवर घेतला, ठिपक्यांत बदलला आणि स्क्रीनवर टाकला. आता काळी म्हैस म्हणजे सगळे ठिपके विझलेले. भोवतीची भिंत तेवढी लखलखत होती, आणि मधोमध नुसता काळाकुट्ट डाग. डोळा नाही, कान नाही, काही नाही.

"हे काय?" मामांनी चष्मा लावून विचारलं. "भिताडाला भोक पडलंय?"

मला राग आला. पण कम्प्युटरमध्ये प्रत्येक रागावर एक बटण असतं. 'उलटं करा' अशी एक खूण होती, ती मी दाबली. काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं! एकदम पाठीची रेघ दिसली, चार पाय दिसले, शेपूट दिसलं. चित्र इतकं सुरेख उठून आलं की मी टाळी वाजवली. फक्त स्क्रीन बुटकी असल्यामुळे शिंगं मावेनात. शिंगं बसवावीत तर म्हैस उंदराएवढी होई. मी शिंगं कापली. मग खालच्या ओळीत अक्षरं मावेनात. 'धारोष्ण' काढलं, तरी मावेनात. मग 'म्हशीचं' काढलं. म्हटलं, वर म्हैस दिसतेच आहे, पुन्हा लिहायचं कशाला? राहिलं 'ताजं दूध', मोठ्या आणि ठसठशीत अक्षरांत.

मी सगळ्यांना बोलावलं. मामा, आक्का आणि दादा तिघं ओळीनं वाकून बघू लागले.

"कोण हाय ही?" मामांनी विचारलं.

"मामा, असं काय करता? आपली काजळी!"

मामांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "असंल, असंल," ते म्हणाले.

"किती गोरी दिसतीया, न्हाई?" आक्का म्हणाल्या, आणि लगेच, "झ्याक आलीया गं!"

दादा काहीच बोलले नाहीत. आता इथं कोल्हापूरबाहेरच्या वाचकांना एक सांगायला हवं. ही माणसं तोंडावर बोलण्यात कुणाला ऐकत नाहीत. माझ्या लग्नातल्या जेवणाला, माझ्या वडिलांसमोर, "पावणं, आमटी पांचट हाय," म्हणून सांगणारे हेच मामा. तेव्हा या घरानं गप्प बसणं म्हणजे चांगली पावती, असा मी सरळ अर्थ घेतला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ठिपक्या कट्ट्यावर उतरला. गर्दी झाली, मोबाईल बाहेर निघाले. "नाद खुळा!" कुणीतरी ओरडलं. मी मागं, अगदी सहज, सगळ्यांना दिसेन अशी उभी होते.

तेवढ्यात वस्ताद आले. जवळच्या तालमीत पोरांना कुस्ती शिकवतात, आणि मामांच्या काळापासून आमच्याच म्हशीचं दूध पितात. ते पितात म्हणून तालमीतली पोरं पितात. त्यांनी ग्लास हातात घेतला, दुसरा हात गुडघ्यावर ठेवला आणि ठिपक्याच्या तोंडापाशी वाकले. बराच वेळ वाकून राहिले.

"दादा," त्यांनी विचारलं, "गाय कवा घेतलीस?"

"गाय? गाय न्हवं वस्ताद. काजळी हाय ती."

"काजळी?" वस्ताद सरळ झाले. "मी काय आंधळा हाय व्हय? पांढरी फेक हाय. शिंगं न्हाईत. खाली लिवलंय दूध, खरं कशाचं ते लिवल्यालं न्हाय!"

एकदम सगळा कट्टा वाकून ठिपक्याकडे पाहू लागला. मीही पाहिलं. आणि त्या क्षणी, खरं सांगते, मलाही ती गाय दिसली. चांगली गरीब, गोरी, देवळापुढं बांधावी अशी गाय.

"गाईचं दूध वाईट असतंय असं मी म्हणत न्हाय," वस्ताद म्हणाले. "खरं म्हशीच्या नावावर मिसळून दिऊ ने." आणि त्यांनी भरलेला ग्लास कट्ट्यावर ठेवला. आमच्या कट्ट्यावर भरलेला ग्लास माघारी ठेवलेला मी कधी पाहिला नव्हता. दादांनीही नसावा, कारण ते त्या ग्लासाकडे बघतच राहिले. वस्ताद गेले आणि त्यांच्यामागं तालीमही गेली. गेली ती शेजारच्या कट्ट्यावर, म्हणजे आम्हाला नीट दिसेल अशा ठिकाणी.

एवढ्यावर भागलं असतं तर मी देवाला नारळ फोडला असता. पण कुणीतरी ठिपक्याच्या स्क्रीनचा फोटो मोठा करून मोबाईलवर फिरवला, खाली लिहिलं, 'दादांच्या गोठ्यात नवी पावणी!' आणि दुसऱ्या दिवशी होती वसुबारस.

वसुबारसेला बायका गाय-वासराची पूजा करतात, उपास करतात आणि त्या दिवशी गाईचं दूध-तूप तोंडाला लावत नाहीत. हे मला माहीत होतं. पण माहीत असलेल्या दोन गोष्टी एकमेकींना कधी भेटतील, हे थोडंच माहीत असतं! सकाळी दादा रतीब घालायला निघाले आणि पहिल्याच दारात बाईंनी पातेल्यावर झाकण ठेवलं.

"आज नको दादा. आज गाईचं चालत न्हाय."

"वहिनी, म्हशीचंच हाय की!"

"व्हय व्हय. फोटो बगितलाय आम्ही."

पुढच्या दारात तेच, त्याच्या पुढच्या दारात तेच. एकीनं तर देवाची शपथ घ्यायला सांगितली, आणि दादांनी घेतली तर म्हणाली, "सणासुदीला खोटी शपथ घेऊ ने." दादा भरल्या किटल्या घेऊन परत आले. गाडी लावली, किटल्या उतरवल्या आणि पायरीवर बसले. मला एक शब्द बोलले नाहीत. मी दारामागं उभी होते. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

मग फोन सुरू झाले. पन्हाळ्याहून आत्याबाईंनी विचारलं, "गाय घेतली म्हणं, कळवलं बी न्हाईसा! वास्तुशांतीला गोमूत्र लागणार हाय, बाटली भरून ठेवा." आक्का म्हणाल्या, "आत्या, गाय न्हाय." आत्या म्हणाल्या, "बरं, निम्मी बाटली चालंल."

मी गोठ्यात जाऊन रडले. काजळी वळली. मी वाकले. आक्का मागोमाग आल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "रडतीस कशाला? दूधच हाय, इख न्हवं. आटवू, बासुंदी करू. सण हाय घरात."

शेजारच्या शमशादभाभींनी भिंतीवरून सगळं ऐकलं होतं. त्यांनी आपलं मोठं पातेलं भिंतीवर ठेवलं. "आमच्यात आज उपास बी न्हाय आणि आंधळं बी न्हाय कोण. मी ह्या म्हशीला रोज बघती. भरा की! खीर करती." एक किटली अशी रिकामी झाली. उरलेल्या दुधाची बासुंदी चुलीवर चढली. या दोघी बायकांचे उपकार मी कशानं फेडू, मला कळेना. भाभींना मी मोबाईल शिकवते असं म्हटलं, तर त्या घाईघाईनं म्हणाल्या, "नको नको, बाई!"

पण संध्याकाळी कहर झाला. सकाळी ज्या बायकांनी दूध नाकारलं, त्याच नऊवार नेसून, आरतीची ताटं घेऊन दारात हजर! कुणाच्या हातात बाजरीची भाकरी, कुणाच्या गवारीची भाजी, आणि एकीच्या हातात चक्क झेंडूचा हार.

"गाय कुठाय?"

"न्हाय हो गाय!" आक्कांनी कपाळावर हात मारला.

"लपवू नका की! पुण्याचं काम हाय. वासरू बी हाय का?"

आक्कांनी गोठ्याचं दार सताड उघडलं. बायका आत शिरल्या. एकीनं वैरणीच्या गंजीमागं पाहिलं, एकीनं पाण्याच्या टाकीमागं पाहिलं. (टाकीमागं गाय मावेल असं तिला का वाटलं, देव जाणे. पण ज्या बाईनं टिकल्यांच्या पाकिटात म्हैस बसवली, तिनं काय बोलावं?) गाय मिळेना. मग ताटं तशीच परत कशी न्यायची, म्हणून त्यांनी काजळीलाच ओवाळलं. काजळीनं भाकरी खाल्ली, भाजी खाल्ली आणि हारही खाल्ला. बाहेर पडताना एक बाई दुसरीला म्हणाली, "गाय हलवलीया गं. दुसरीकडं बांधली असणार."

गोठा दाखवून जे मिटत नाही, ते कशानं मिटणार?

मी ठिपक्या घेऊन बसले. म्हटलं, बिघडवलं मी, निस्तरणार मीच. आमच्या वडिलांकडे साडीच्या काठाची नक्षी चौकटीच्या कागदावर काढतात; एकेक चौकट भरायची आणि मोर उभा करायचा. मी तसाच कागद घेतला. या वेळी फोटो नाही, बटण नाही. नुसत्या रेघेनं काजळीचं तोंड काढलं, समोरून. अंग काळंच ठेवलं, कारण ते काळंच आहे! स्क्रीन बुटकी होती खरी, पण रुंद होती, आणि काजळीची शिंगंही रुंदीलाच पसरलेली. या टोकापासून त्या टोकापर्यंत अशी ऐटीत बसली, की मलाच बसल्या जागी वाकावंसं वाटलं. खाली लिहिलं, 'म्हैस'. बस्स, एवढंच.

दादांना दाखवलं. दादांनी एकदा ठिपक्याकडे पाहिलं, एकदा माझ्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि गाडीची किल्ली घेतली. "बस मागं," ते म्हणाले. "घे त्येला बी. वस्तादाकडं जाऊ."

आता आमच्या कोल्हापुरात गवळ्याची म्हैस मालकाच्या गाडीमागं पळते. दिवाळीत तर त्याचा थाटच असतो. दादांनी गाडीला किक मारली, काजळीला हाळी दिली आणि आम्ही निघालो. पुढं दादा, मागं पदर खोचून, एका बाजूला पाय सोडून बसलेली मी, माझ्या मांडीवर मागं तोंड केलेला ठिपक्या आणि त्याच्यामागं, त्याच्यावरच्या स्वतःच्या तोंडाकडे बघत, चौखूर उधळलेली काजळी! गल्लीतल्या बायका ताटं हातात घेऊन ओट्यावर आल्या. कुणीतरी शिट्टी मारली. वाटेत मला शाळेच्या मुख्याध्यापिका दिसल्या. मी नमस्कार केला. हात मोकळा नव्हता, म्हणून ठिपक्यालाच वर उचलून केला.

तालमीच्या दारात वस्ताद अंगाला माती लागलेले बाहेर आले. दादांनी काही बोलायच्या आधी त्यांच्यासमोर बसून धार काढली आणि तांब्या पुढं केला. वस्तादांनी तो एका दमात संपवला. मिशांना फेस लागला.

"म्हशीचंच हाय," ते म्हणाले. "काजळीचंच हाय. मग ती गोरी कोण हुती?"

"चूक माझी, वस्ताद," दादा म्हणाले. "मीच म्हटलं हुतं फोटो लाव म्हणून."

मला ते सहन होईना. सगळ्या पोरांसमोर, रोज म्हशीच्या पायाशी बसून कमावलेलं नाव माझ्यापायी गेलेलं असताना, हा माणूस माझं पांघरूण होऊन उभा होता. मी पुढं झाले. "नाही, वस्ताद. मी केलं. अंग दिसेना म्हणून रंग उलटा केला. शिंगं मावेनात म्हणून कापली. अक्षरं मावेनात म्हणून 'म्हशीचं' काढलं."

वस्तादांनी बोटांवर हिशेब केला. "म्हंजे रंग काढला, शिंगं काढली, नाव काढलं. मग म्हशीचं ऱ्हायलं काय?"

"शेपूट," मी म्हणाले.

वस्ताद हसले. असे हसले की आतली जोर काढणारी पोरं थांबून बाहेर आली. मग दादा हसले, दोन दिवसांत पहिल्यांदा. "पोरगी इमानी हाय तुमची," वस्ताद दादांना म्हणाले. "उद्यापास्नं येतो. सगळी येतो." आणि पोरांकडे वळून ओरडले, "आईकलं काय रं? गाय न्हाय त्यांच्यात! ज्येला कुणाला इचारायचं असंल त्येनं मला येऊन इचारायचं!" अशा गोष्टी वस्तादांना येऊन कुणी विचारत नाही. गल्लीतली गाय त्याच क्षणी नाहीशी झाली.

मला इतकं बरं वाटलं की मी ठिपक्या त्यांच्यापुढं धरला. "हे बघा ना, आता नवीन चित्र काढलंय."

वस्तादांनी वाकून नीट पाहिलं. काजळीकडे पाहिलं, पुन्हा ठिपक्याकडे पाहिलं. "झ्याक हाय. शिंगं बी तीच, रुबाब बी त्योच. खरं पोरी, मला एक सांग. कट्ट्यावर म्हस सोता हुबी असती न्हवं?"

"हो."

"मग म्हशीच्या म्होरं म्हशीचा फोटो कशाला?"

मी ठिपक्या पदराखाली घेतला. दादा गाडीच्या आरशावरची धूळ पुसू लागले. आरशावर धूळ नव्हती.

घरी आल्यावर मी सरळ विचारलं, "मामा, आक्का, खरं सांगा. हा प्रश्न तुम्हाला पडला होता?"

आक्का बासुंदी ढवळायला लागल्या. मामा म्हणाले, "पडला हुता की. पयल्याच दिशी, जेवताना. तिघांस्नी बी पडला हुता."

"मग बोलला का नाहीत? माझ्या वडिलांच्या आमटीला बोललात!"

"आमटी तू केली न्हवतीस," मामा म्हणाले. "आणि ह्ये लई जीव लावून कराय लागलीवतीस."

मला पुन्हा रडू आलं, या वेळी बासुंदीवर. कुणाचं नशीब कशात असतं, कुणाचं कशात. जिथं पाहुण्याच्या आमटीलाही माफी नाही, त्या घरानं माझ्यासाठी तोंड मिटून कट्ट्यावरचं नाव पणाला लावलं, आणि वर बासुंदीचा पहिला वाडगा मलाच दिला. मी या घराची आणि भिंतीपलीकडच्या भाभींचीही जन्माची ऋणी आहे.

गल्लीनं मात्र इतकी दया दाखवली नाही. हल्ली आमच्याकडे कुणी नको ते काम घाम गाळून करायला लागलं, की पोरंसोरंसुद्धा म्हणतात, "चाललंय बघा, म्हशीम्होरं म्हशीचा फोटो!" माणसं आयुष्यभर लिहितात आणि भाषेत एका शब्दाची भर पडत नाही. मी एक बटण दाबलं, तर मराठीला अख्खी म्हण मिळाली!